फी भरली, मेसचं काय? मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्याच्या खर्चामागचा इतिहास

मुलाला पुण्यात किंवा संभाजीनगरला इंजिनिअरिंगची जागा मिळते, बँक कर्ज मंजूर करते, आणि तरी गणपती बसायच्या आत घरी फोन येतो: मेसवाला पैसे मागतोय. कर्जाचा हप्ता बँकेतून थेट कॉलेजच्या खात्यावर गेलेला असतो. खोलीचं डिपॉझिट, भाडं, दोन वेळचं जेवण आणि जायचा-यायचा खर्च घरच्यांनी बघायचा असतो. त्यात सोयाबीन अजून रानात असतं. कॉलेजं पेरणीच्या तोंडावर पैसे मागतात आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो दिवाळीच्या आसपास, कापसाचा तर त्याच्याही पुढे. ही ओढाताण कर्जाच्या योजना येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. ते १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालं. औरंगाबादला इंटरपर्यंतचं सरकारी कॉलेज १९२३मध्ये आलं. त्यामुळे बीड-परभणीकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडण्यावाचून पर्याय नव्हता. शिकायला परगावी गेलेल्यांची एक जुनी सोय म्हणजे वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. या सोयीचं कौतुक आठवणींतून भरपूर वाचायला मिळतं. पण ती जातीच्या उंबरठ्यापाशी थांबत होती, हे तितक्या मोकळेपणानं लिहिलेलं सापडत नाही. बाकीच्यांना शिकायचं तर नातेवाईक नाहीतर वसतिगृह. १९३८च्या वंदे मातरम् चळवळीत औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या मुलांना वंदे मातरम् म्हटलं म्हणून काढून टाकण्यात आलं. पुढे नागपूर विद्यापीठानं त्यातल्या अनेकांना प्रवेश दिला. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाची राजकीय बाजू येते. खोली आणि ताट एका हुकमात गेलं, ही बाजू राहून जाते.

राहण्या-खाण्याचा प्रश्न शिक्षणाचाच भाग धरून मराठवाड्यात सर्वात मोठं काम झालं ते औरंगाबादच्या नागसेनवनात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०मध्ये तिथं कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. वर्गांच्या सोबतीनं वसतिगृहं हा त्या परिसराचा कणा होता. येणारा मुलगा भूमिहीन घरातला, गावकुसाबाहेरून आलेला, आणि शहरात त्याला कुणी खोली देणार नाही हे उघड होतं. नुसती फी माफ करून तो शिकला नसता.

त्या मुलांचा दुसरा आधार म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ती १९४४ साली इंग्रजी राजवटीतच सुरू झाली होती. फीबरोबर निर्वाह भत्ता देणारी ही योजना तिच्या काळाच्या पुढची होती, असं मला वाटतं. मराठवाड्यात तिला आजही 'जीओआय' (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) म्हणतात. जीओआय आली की मेसची उधारी फेडायची आणि उरलेले घरी पाठवायचे, ही पिढ्यांची रीत. दुखणं दोन ठिकाणी होतं. एक, भत्ता उशिरा यायचा. दोन, त्याचा दर महागाईच्या मागे पडत गेला. २०१०च्या दरानुसार वसतिगृहात राहून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्याला महिन्याला ५७० रुपये होते. २०२१पासून नवे दर आले, त्यात याच गटाला वर्षाला ६,००० रुपये ठरले. बारानं भागलं तर महिन्याला पाचशे. एवढ्यात मेसचा आठवडाही निघत नाही.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी. मधल्या छत्तीस वर्षांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली आणि हैदराबाद-पुण्याची वाट काहींसाठी टळली. खर्च मात्र टळला नाही. तो अंबाजोगाई, उदगीर, परभणीच्या एका खोलीत येऊन बसला.

या खोल्यांना जगवलं ते एसटीनं. पहाटेच्या पहिल्या गाडीला आई फडक्यात बांधलेला डबा आणून द्यायची. कंडक्टर तो इंजिनाशेजारी ठेवायचा. तालुक्याच्या स्टँडवर मुलगा उभा असायचा आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत द्यायचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, आणि डब्याच्या झाकणात घडी केलेली दहाची नोट. या व्यवहाराची कुठं नोंद नाही, कुणाचं अनुदान नाही. तरी शिष्यवृत्ती आणि कर्ज या दोन्हींपेक्षा मराठवाड्यातली जास्त पोरं या डब्यावर शिकली असतील, असं म्हणायला मी कचरणार नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा फक्त प्रवास बंद पडला नाही, डबेही बंद पडले. डब्याला अंतराची मर्यादा होती. चाळीस-पन्नास किलोमीटरवर तो शिळा होत नाही. पुण्याला तो पोचत नाही.

घरात जेव्हा भाकरीच नव्हती, तेव्हा डबा कुठून येणार? १९७२च्या दुष्काळात सुट्टीला घरी गेलेला कॉलेजकुमार दुष्काळी कामावर खडी फोडताना दिसणं नवलाचं नव्हतं. दोन वर्षांनी मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, तेव्हा त्यात विद्यार्थी पुढे होते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या काळात सरकारनं परीक्षा शुल्क माफ केलं, ते आवश्यकच होतं. पण पुण्यात राहणाऱ्या पोराची अडचण परीक्षा शुल्काची नव्हती. गावाकडून येणारे महिन्याचे पैसे थांबले होते. कुणी मेस एक वेळची केली. कुणी मित्राच्या वसतिगृहाच्या खोलीत चोरून राहिला. अशा मुलाला वसतिगृहांत 'पॅरासाइट' म्हणतात, आणि त्यात शिवी कमी, आपुलकी जास्त असते.

पुण्यात या मुलांसाठी जुनी ठिकाणंही आहेत. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केली. विद्यापीठांची 'कमवा व शिका' योजना हा दुसरा आधार. सकाळी बागेत, ग्रंथालयात नाहीतर कार्यालयात काम आणि त्याचे तासावर पैसे. दोन्हींकडे जागा मोजक्या, मागणारे भरपूर.

आता कर्जाकडे. १९६३पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती होती, पण खेड्यातल्या घराला शिक्षणासाठी कर्ज ही गोष्ट खऱ्या अर्थानं लागली ती १९८३नंतर. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, फीही वाढली, आणि जमीन विकून इंजिनिअर केलेल्या मुलांच्या गोष्टी गावोगाव झाल्या. बँकांची एकसारखी आदर्श योजना आली थेट २००१ साली. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही भरायचा नाही. त्यावर साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्याची हमी, त्यापुढे तारण. २००९पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू लागलं. २०१५पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधीही मिळाला.

कागदावर या योजनेत वसतिगृहाचा खर्च धरलेला आहे. बाहेर खोली घ्यावी लागली तर राहण्या-खाण्याचा वाजवी खर्चही धरता येतो. हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांची घासाघीस शाखेत सुरू होते. फीचा आकडा कॉलेजच्या छापील पत्रावर असतो, तो कुणी कमी करत नाही. तारणाची मर्यादा ओलांडू नये म्हणून कापाकापी होते ती मेस आणि खोलीच्या आकड्यावर. तारण द्यावं तर सातबाऱ्यावर आधीच पीककर्जाचा बोजा. सहकर्जदार बाप, आणि त्याचं पीककर्ज थकलेलं असेल तर सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीवर, लाल शेरा. दुष्काळानं थकवलेलं कर्ज अशा रीतीनं मुलाच्या ताटापर्यंत येतं. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा जो मोठा जथ्था मराठवाड्यातून जातो, त्याला तर ही योजना लागूच नाही. ती पदवी-पदविकांसाठी आहे, तयारीच्या वर्षांसाठी नाही.

राज्य सरकारला पोटाचा हिशेब उशिरा सुचला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादहून मराठा मोर्चे सुरू झाले. त्यांच्या मागण्यांत शिक्षणाचा खर्च होता, आणि त्यानंतर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली. जानेवारी २०१७मध्ये सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना निघाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रात ५१ हजार, बाकी ठिकाणी ४३ हजार. या रकमेची फोडच महत्त्वाची आहे. ६० हजारांपैकी ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार इतर खर्चाचे. दहा महिने धरले तर जेवणाला महिन्याला ३,२०० रुपये. आकडा अपुरा असेल, पण सरकारनं ताट, खोली आणि वरखर्च वेगवेगळे मोजले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी आधार, या त्याच घाटाच्या योजना.

नंतरचे दोन मोठे निर्णय पुन्हा फीकडे आणि कर्जाकडे वळले. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्यानं पूर्ण माफ केली. हा निर्णय फार मोठा आहे, पण परगावी मुलीला ठेवायचं कुठं आणि कुणाच्या भरवशावर, ही मराठवाड्यातल्या बापाची पहिली शंका फी माफ करून मिटत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर केली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, पण देशभरातल्या निवडक संस्थांपुरतीच (सुरुवातीला ८६०). तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्याचा त्यात नंबर लागणं अवघड.

आणि मेसचा प्रश्न शेवटी येऊन अडतो तो कागदावर. बँकेला खर्चाचा पुरावा लागतो, भत्त्याच्या अर्जाला राहत्या जागेचा. घरमालक कॉट बेसिसवर चौघांना ठेवतो, पण भाडेकरार करून द्यायला तयार नसतो. मेस चालवणाऱ्या मावशी हिशेब वहीत लिहितात, पावतीपुस्तक त्यांच्याकडे नाही. कर्जाच्या अर्जातच राहण्या-खाण्याचा चारही वर्षांचा अंदाज लिहून दिला आणि तो मंजुरीपत्रात उतरला आहे का हे सही करण्याआधी वाचून घेतलं, तर थोडं हाती लागतं. दुसऱ्या वर्षी तो आकडा वाढवून मागायला गेलं, की पुन्हा पहिल्यापासून कागद.