बिशप दोन्हीकडे, पण अधिकार कुठून येतो?

वडोदऱ्यात फतेगंजला कॅथलिकांचेही चर्च आहे आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचेही. दोघांनाही बिशप आहेत, दोघांकडेही त्या पदाची दीक्षा देताना डोक्यावर हात ठेवतात. त्यामुळे पदही एकच असेल असे वाटते. ते तसे नाही, आणि दोन मंडळ्यांमध्ये सोयरीक जुळली की हा फरक दारात येऊन उभा राहतो.

कॅथलिक श्रद्धेनुसार येशूने प्रेषितांना दिलेला अधिकार बिशपांच्या हस्तस्पर्शातून पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. नव्या बिशपच्या दीक्षेला तीन बिशप असावेत, हा दंडक सन ३२५ मध्ये नायकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेपासूनचा. मात्र दीक्षा खरी ठरायला एक बिशप पुरतो. हात ठेवणे आणि ठरलेली अभिषेक-प्रार्थना हा विधीचा गाभा. तो चुकला तर दीक्षा झालीच नाही. पोपची आज्ञा नसेल तर गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये आर्चबिशप लफेव्र यांनी आज्ञेविना चार बिशप केले. रोमने लफेव्र आणि त्या चौघांना बहिष्कृत ठरवले, पण चौघांचे बिशपपण नाकारले नाही. उलट अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, दीक्षा तेराव्या लिओ पोपनी १८९६ मध्ये पूर्ण रद्दबातल ठरवल्या, कारण सोळाव्या शतकात बदललेली प्रार्थना आणि तिच्यामागचा हेतू दोन्ही त्यांना सदोष वाटले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ही साखळी खुर्चीची नाही, हातांची आहे. आधीचा बिशप वारलेला असला तरी ती तुटत नाही, कारण दीक्षा दुसरेच बिशप देतात. वडोदरेकरांना हे समजायला जड जाऊ नये: १८७५ मध्ये गादी मल्हारराव गायकवाडांची रिकामी झाली होती, पण कवळाण्याच्या गोपाळरावांना (पुढचे सयाजीराव) दत्तक घेतले ते मल्हाररावांनी नव्हे, तर खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी. दाखला तेवढ्यापुरताच, बिशपपण कुळाने मिळत नाही.

प्रोटेस्टंटांच्या दृष्टीने प्रेषितांचा वारसा म्हणजे त्यांची शिकवण. ती पवित्र शास्त्रात आहे. परिषदा चुकू शकतात, बिशपही. मेथडिस्टांचा मार्ग १७८४ मध्ये फुटला. अमेरिकेसाठी पाळक हवे होते, अँग्लिकन बिशप दीक्षा देईनात. तेव्हा मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक, पण स्वतः बिशप नसलेल्या जॉन वेस्लींनी थॉमस कोक यांच्यावर हात ठेवून त्यांना अधीक्षक नेमले. आद्य मंडळीत वडील (म्हणजे पाळक) आणि बिशप एकाच दर्जाचे होते, हा त्यांचा आधार. म्हणून मेथडिस्ट बिशप हा पंथाच्या प्रतिनिधींच्या सभेने निवडलेला, देखरेखीचे काम सोपवलेला पाळकच असतो. मात्र सगळ्या प्रोटेस्टंटांना एका मापाने मोजू नये. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन बिशपांची परंपरा मुद्दाम सामावून घेतली आहे.

आता लग्नाचे. कॅथलिक वधू किंवा वराला मेथडिस्ट जोडीदारासाठी आपल्या धर्मप्रांताची परवानगी लागते. विधी मेथडिस्ट चर्चमध्ये करायचा तर कॅथलिक विवाहविधीतून सूटही वेगळी घ्यावी लागते. ती राहून गेली तर कॅथलिक कायद्यात ते लग्न अवैध, मग पाळकांनी ते कितीही रीतसर लावलेले असो. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र दोन्हीकडे चालतो. पाणी आणि त्रैक्याचे (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव असले की कॅथलिक पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. त्याला बिशपची साखळी लागतच नाही, प्रसंगी कोणीही तो देऊ शकतो. पण तोच बाप्तिस्मा देणारे पाळक उद्या कॅथलिक धर्मगुरू व्हायचे म्हणाले, तर त्यांची दीक्षा पहिल्यापासून होते.