एक मायक्रोलिटर नीट मोजायचा म्हणजे काय

कोविडमध्ये आरटीपीसीआर हे नाव घराघरात पोचलं, पण ती टेस्ट लॅबमध्ये केवढ्याशा पाण्यात होते हे फार कमी जणांना माहीत असतं. सगळं मिश्रण मिळून साधारण 20-25 मायक्रोलिटर. 1 मिलिलिटरचे 1000 भाग केले की एक भाग म्हणजे 1 मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब साधारण 50 चा असतो, म्हणजे अख्खी टेस्ट अर्ध्या थेंबात उरकते आणि त्याच अर्ध्या थेंबात एन्झाइम, प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), पेशंटचा आरएनए सगळं मोजून मोजून घालायचं असतं.

कॉलेजातली ब्युरेट, म्हणजे रेघा मारलेली आणि खाली तोटी असलेली काचेची नळी, इथे काहीच कामाची नाही, तिच्या दोन बारीक रेघांमध्येच 100 मायक्रोलिटर असतात. पूर्वी लॅबमध्ये काचेच्या नळीत लिक्विड तोंडाने ओढून मोजायचे, मग त्यात ॲसिड असो नाहीतर जंतू, आणि ते लोकांच्या तोंडातही जायचं! 1957 साली जर्मनीतल्या मारबुर्गला हाइनरिख श्निटगर नावाच्या संशोधकाने याला कंटाळून स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या आणि पुढे प्लास्टिकची टिप अशी पिपेट बनवली. आज बायोलॉजीच्या कुठल्याही लॅबमध्ये तिचीच पुढची पिढी दिसते, मायक्रोपिपेट.

यात दट्ट्या लिक्विडला शिवतच नाही, मध्ये हवा असते. दट्ट्या जेवढी हवा बाहेर ढकलतो तेवढंच लिक्विड टिपमध्ये वर चढतं. बटणाला दोन स्टॉप असतात. पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं, टिपचं टोक 2-3 मिलिमीटरच बुडवायचं, बटण हळूहळू सोडायचं आणि लगेच बाहेर न काढता क्षणभर थांबायचं. सोडताना टिप ट्यूबच्या भिंतीला टेकवून पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं, मग टोकाशी राहिलेलं निघावं म्हणून दुसऱ्यापर्यंत. नवीन मुलं घाईत घेतानाच दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबतात, मग लिक्विड जास्त येतं. आणि बटण फटकन सोडलं तर बुडबुडा शिरतो आणि कमी येतं.

माझ्या मते सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टिपच्या बाहेरून चिकटलेलं लिक्विड. एन्झाइम बहुतेक वेळा 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं, ते पाण्यापेक्षा बरंच घट्ट, टिप खोल बुडवली की बाहेरून थर बसतो आणि तोही ट्यूबमध्ये जातो. 1000 मायक्रोलिटर घेताना 1 जास्त गेला तर कुणाला कळणारही नाही, पण 1 च घ्यायचा असताना 1 जास्त गेला म्हणजे एन्झाइम थेट डबल. म्हणूनच 10 मायक्रोलिटर घ्यायला 1000 वाली पिपेट कधीच वापरत नाहीत, छोटीच लागते.

पिपेट बरोबर आहे का हे बघायची पद्धत मला फार आवडते. 1 मायक्रोलिटर म्हणजे 1 घन मिलिमीटर, आणि तेवढ्या पाण्याचं वजन जवळजवळ 1 मिलिग्रॅम! मग बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यावर 100 मायक्रोलिटर पाणी सोडायचं आणि 100 मिलिग्रॅमच्या अगदी जवळचा आकडा येतो का बघायचं. एकदाच नाही, परत परत, कारण दर वेळी आकडा वेगळा आला तर बहुतेक हाताची सवय चुकतेय आणि दर वेळी सारखाच कमी आला तर पिपेट कॅलिब्रेट करायला, म्हणजे तिचं माप पुन्हा जुळवून घ्यायला हवी.

घरातही इतकं बारीक माप असतंच, इन्शुलिनचं. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलिलिटर आणि 100 युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही व्हायल मिळतात. 40 वाल्यात 1 युनिट म्हणजे 25 मायक्रोलिटर आणि 100 वाल्यात 10. 100 ची व्हायल आणि 40 ची सिरिंज अशी गल्लत झाली तर 10 च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून 25 युनिट शरीरात जातात, शुगर धोकादायक पातळीवर उतरू शकते. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, 100 च्या सिरिंजचं केशरी, पण दोन्ही रंग पटकन सारखेच वाटतात, म्हणून मेडिकलमधून सिरिंज घेताना तिच्यावरचा आकडा आणि व्हायलवरचा आकडा शेजारी धरून बघा.