थॅलेसेमिया आणि लोहाचे टॉनिक: एक खुलासा
हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, तेव्हा बीट, खजूर आणि एखादे लोहाचे टॉनिक सुरू करावे, हा सल्ला घरोघरी इतका रुळला आहे की थॅलेसेमिया मेजर (नियमित रक्त चढवावे लागणारा, आनुवंशिक रक्तविकाराचा तीव्र प्रकार) असलेल्या मुलांच्या पालकांनाही तो बिनदिक्कत दिला जातो. या आजारात उणीव लोहाची नसते. जनुकीय दोषामुळे हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळ्या पुरेशा तयार होत नाहीत. उलट, दर दोन ते चार आठवड्यांनी चढवल्या जाणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर पडते. उरलेले यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथींत साचत जाते.

त्यामुळे केवळ हिमोग्लोबिनचा आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन (साधारणतः ९.५ ते १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर अपेक्षित), दिलेल्या रक्ताचे प्रमाण, मुलाचे वजन आणि दर तीन महिन्यांचे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) एकाच वहीत तारखेनिशी नोंदवावे. फेरिटिन ताप किंवा जंतुसंसर्गातही वाढते, म्हणून एका अहवालापेक्षा अनेक महिन्यांचा कल पाहावा. हृदयातील लोहाचा अंदाज तर त्यावरून नीट येतच नाही, त्यासाठी विशिष्ट एमआरआय करावा लागतो. लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या चालू असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) आणि यकृताच्या चाचण्या नियमित कराव्यात, आणि चुकलेले डोसही (हे लपवण्याकडेच कल असतो) प्रामाणिकपणे लिहावेत.

थॅलेसेमिया मायनरमध्ये (या आजाराच्या सौम्य, वाहक प्रकारात) लोहाची कमतरता जोडीला असू शकते, परंतु तिथेही फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.