रायबोसोम मुक्तता (रोगकारक जीवाणूंतील)

रायबोसोम मुक्तता : संदेशवाहक आरएनएवर (जनुकाचा संदेश नेणारा रेणू) अर्ध्यात अडकलेला रायबोसोम (तो संदेश वाचून प्रथिन बनवणारे पेशीतील यंत्र) सोडवून पुन्हा कामाला लावणाऱ्या जीवाणूंतील यंत्रणा. संदेशवाहकाचे शेपूट तुटले की प्रथिन कोठे संपवायचे ते सांगणारा समाप्ती-संकेतही जातो. रायबोसोम टोकाशी येऊन थांबतो, कारण तो संकेत असल्याखेरीज नेहमीचे मोचक घटक प्रथिन सोडवू शकत नाहीत. भुसावळ यार्डाच्या तोंडाशी एक मालगाडी बंद पडली की मागच्या खोळंबतात, तसे मागचे रायबोसोमही रांगेत अडकतात. ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूमध्ये सुमारे २ ते ४ टक्के प्रथिननिर्मितीचा शेवट अशा कोंडीत होतो, असा एक अंदाज आहे.

मुख्य यंत्रणा ट्रान्स-ट्रान्स्लेशन ही होय. टीएमआरएनए हा रेणू काही अंशी वाहक (ॲमिनो आम्ल आणून देणाऱ्या), काही अंशी संदेशवाहक आरएनएसारखा वागतो. एसएमपीबी या लहान प्रथिनासह तो रायबोसोमच्या रिकाम्या ए-स्थानात (वाहक आरएनए येऊन बसण्याची जागा) शिरतो. एसएमपीबीचे शेपूट संदेशवाहकाच्या मार्गिकेत बसते. तेथे पुढचा आरएनए शिल्लक असेल तर त्याला जागाच मिळत नाही, म्हणून चालू रायबोसोम सहसा सुरक्षित राहतो. अपुऱ्या प्रथिनाला आधी टीएमआरएनएवरचे ॲलनीन जोडले जाते. मग रायबोसोम जुना संदेश टाकून टीएमआरएनएवरील छोटा संदेश वाचतो व त्याच्या समाप्ती-संकेतावर मोकळा होतो. ई. कोलायमध्ये या रीतीने प्रथिनाला ११ ॲमिनो आम्लांची शेपटी लागते. तिच्या टोकाच्या खुणेवरून क्लपएक्सपी हे प्रथिनभंजक अपुरे प्रथिन ओळखून नष्ट करते. नव्या संदेशाचा पहिला कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) कसा निवडला जातो यावर बराच ऊहापोह झाला आहे. त्या कोडॉनच्या अलीकडील क्रम व एसएमपीबी मिळून तो ठरवतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा रेणू १९७८ च्या सुमारास ‘१०एसए आरएनए’ म्हणून नोंदला गेला, पण त्याचे कार्य काइलर, वॉलर व सावर यांच्या १९९६ मधील प्रतिमानातून उलगडले.

पर्यायी यंत्रणांत आर्फए हे प्रथिन विशेष लक्षणीय आहे. त्याचा स्वतःचा संदेशवाहकच समाप्ती-संकेताविना तयार होतो, त्यामुळे टीएमआरएनए कार्यक्षम असेपर्यंत आर्फए साचत नाही. टीएमआरएनए कमी पडला की साचते आणि आरएफ-२ या मोचक घटकाला बोलावून काम भागवते. ई. कोलायमधून टीएमआरएनए व आर्फए दोन्ही काढल्यास जीवाणू जगत नाही. अपरिहार्य आहे ती मुक्तता, टीएमआरएनए नव्हे. ‘टीएमआरएनए अत्यावश्यक’ हे सरसकट विधान म्हणून टिकत नाही.

परम्याचा जीवाणू, शिगेला फ्लेक्सनेरी (आमांशाचा जीवाणू) व हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरातील जीवाणू) यांना मात्र टीएमआरएनएवाचून जगता येत नाही. साल्मोनेलातील एसएमपीबी काढल्यास तो प्रयोगशाळेत वाढतो, पण महाभक्षी पेशींत (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) तग धरण्यात कमी पडतो. खानदेशात साल्मोनेलाला वेगळे महत्त्व आहे : नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि सिकलसेलच्या रुग्णांत साल्मोनेलामुळे हाडांचा जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो. टीएमआरएनएचे जनुक जवळजवळ सर्वच जीवाणूंत असते.

क्षयाबाबतचा वाद पायराझिनामाइड हे औषध ट्रान्स-ट्रान्स्लेशन रोखते का, याचा. धडगाव असो की जळगाव, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाच्या प्रचलित उपचारात पहिले दोन महिने हे औषध असते. पीएनसीए जनुकाचे विकर त्याचे पायराझिनोइक आम्ल करते. हे आम्ल आरपीएसए या रायबोसोमी प्रथिनाला चिकटून ट्रान्स-ट्रान्स्लेशन रोखते, असे २०११ मध्ये मांडले गेले आणि ते झपाट्याने उद्धृत होऊ लागले. २०१७ च्या प्रयोगांत औषधाचा परिणाम आरपीएसए व ट्रान्स-ट्रान्स्लेशन या दोहोंवर अवलंबून नसल्याचे दिसले. पुढे आम्लाचे लक्ष्य पॅनडी हे विकर असल्याचा व आम्ल जोडले गेल्यावर त्याचा ऱ्हास होत असल्याचा पुरावा आला (२०२०). आज पॅनडीचा पक्ष बळकट आहे. जुना दावा अजून उद्धृत होतो, तो सवयीने.

मुक्तता थेट रोखणाऱ्या रेणूंपैकी केकेएल-३५ (२०१३) वादग्रस्त ठरला. लेजिओनेला या न्यूमोनियाकारक जीवाणूत त्याचा परिणाम अन्य मार्गाने होतो असे आढळले. त्याच घराण्यातील एमबीएक्स-४१३२ ने उंदरांतील परम्याचा संसर्ग तोंडावाटे दिलेल्या एका मात्रेत दूर केल्याची नोंद २०२१ ची आहे.