पदक मिळालं तरी साधी नोकरी?

जुने ऑलिम्पिकवीर पोलिसात नाहीतर शाळेत साधी नोकरी करायचे म्हणजे देशाने त्यांना वाऱ्यावर सोडलं, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. काहींची खरंच आबाळ झाली, ते आहेच. पण तेव्हा ऑलिम्पिकला हौशी खेळाडूच चालायचे, खेळाचे पैसे घेतले की बाद, 1912 च्या एका विजेत्याची दोन सुवर्णपदकं तर पुढच्याच वर्षी काढून घेतली, का तर आधी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता! मग घर चालवायला नोकरी बहुतेकांना करावीच लागायची, श्रीमंत देशांतल्यांनासुद्धा. आपल्याकडे तर अनेकांना खेळामुळेच नोकरी लागते, राज्यात 5 टक्के क्रीडा आरक्षण आहे. असा फॉरवर्ड आला की नोकरी पदकाच्या आधीची की नंतरची आणि भरती खेळाडू कोट्यातली का, एवढं बघा.