नॉर्फोक परगण्याचे छायाचित्रण

इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात बाक काढून घुसलेला नॉर्फोक हा परगणा. त्याचा किनारा, पवनचक्क्या, चर्चचे मनोरे, पाणथळी आणि तिथल्या कोळ्या-शेतकऱ्यांचे रोजचे जगणे टिपणारी छायाचित्रणाची परंपरा १८८०च्या दशकापासून अखंड चालू आहे. निसर्गरम्य जागा इंग्लंडमध्ये इतरत्रही पुष्कळ आहेत. नॉर्फोकचे वेगळेपण असे की इथले बरेच काही फार काळ टिकत नाही. कडे समुद्रात कोसळतात, मासेमारीचे हंगाम संपतात, गल्ल्या बॉम्बहल्ल्यात जळतात. अनेक बाबतींत मूळ वस्तू गेली आणि चित्र तेवढे उरले.

भूमी आणि उजेड : परगण्याचा सर्वांत उंच बिंदू जेमतेम १०३ मीटरचा. डोंगर नसल्यामुळे क्षितिज खाली राहते आणि चौकटीचा मोठा भाग आभाळाने व्यापला जातो. छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या आधी, १८०३ मध्ये नॉरिच या मुख्य शहरात चित्रकारांची एक संस्था स्थापन झाली होती. जॉन क्रोम आणि जॉन सेल कॉटमन हे त्या परंपरेतले ठळक चित्रकार. खाली सपाट जमिनीची पट्टी, तीत एखादी पवनचक्की किंवा शीड, आणि वर ढगांचा सगळा खेळ ही मांडणी त्यांच्या चित्रांत रुळलेली होती. पुढच्या छायाचित्रकारांना ती आयती मिळाली, असे म्हणता येईल. अक्षांश सुमारे साडेबावन्न अंश असल्याने हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर येतो. त्यामुळे ऐन दुपारी लांब सावल्या आणि तिरपा उजेड मिळतो. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ ज्यासाठी धावाधाव करावी लागते, ते तिथे डिसेंबरात दिवसभर मिळते, अर्थात ढगांनी मेहरबानी केली तर.

परगण्याच्या पूर्वेकडील उथळ तळ्यांच्या आणि संथ नद्यांच्या जाळ्याला 'ब्रॉड्स' म्हणतात. ही तळी नैसर्गिक आहेत असाच समज बराच काळ होता. मध्ययुगात इंधनासाठी पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती) खणून काढलेल्या खाणीच पुढे पाण्याने भरल्या, हे जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेल्या 'निसर्गा'पैकी हा एक, आणि तो माणसाच्या हाताने खणलेला.

पीटर हेन्री एमर्सन : क्युबात १८५६ मध्ये जन्मलेला हा डॉक्टर पक्षिनिरीक्षणासाठी म्हणून कॅमेरा घेऊन बसला आणि वैद्यकी सोडून छायाचित्रकार झाला. चित्रकार टी. एफ. गुडऑल याच्यासह १८८६ मध्ये त्याने ब्रॉड्सच्या जीवनावर ४० प्लॅटिनम मुद्रितांचा (प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर उमटवलेल्या छायाचित्रांचा) एक संग्रह काढला. बोरू कापून नावेत भरणारे मजूर, वाम पकडणारे, बदकांचे शिकारी, गवत वाहून नेणाऱ्या होड्या हे त्याचे विषय. या संग्रहातले कमळे तोडणाऱ्या जोडप्याचे चित्र आजही सर्वत्र छापले जाते. वल्ह्यावर पुरुष, आणि होडीच्या काठावरून वाकून पाण्यातल्या फुलाकडे हात नेणारी स्त्री, एवढेच त्यात आहे.

त्या काळात दोन-चार निगेटिव्ह जोडून, स्टुडिओत पात्रे उभी करून 'कलात्मक' छायाचित्र घडवण्याची पद्धत प्रतिष्ठित होती. हेन्री पीच रॉबिन्सन हा तिचा अग्रणी. एमर्सनने तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. माणूस त्याच्या स्वतःच्या जागी, स्वतःच्या कामात असतानाच टिपावा, हा त्याचा आग्रह. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या दृष्टिविषयक संशोधनाचा आधार घेऊन तो म्हणे, की डोळ्याला मध्यभाग स्पष्ट आणि कडा काहीशा मऊ दिसतात, म्हणून छायाचित्रातही सगळे सारखेच धारदार असू नये. हे मत त्याने १८८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. वर्षभरातच प्लेट डेव्हलप करण्यामागच्या रसायनाविषयी हर्टर आणि ड्रिफील्ड यांचे संशोधन पुढे आले. प्रकाशछटांवर छायाचित्रकाराचा ताबा आपण समजतो त्याहून फार कमी आहे, असे त्यातून त्याला वाटले आणि त्याने काळ्या चौकटीची शोकपत्रिकेसारखी पुस्तिका छापून आपलाच सिद्धांत मागे घेतला. छायाचित्रण ही कला नव्हे, असे जाहीर केल्यावरही त्याने कॅमेरा खाली ठेवला नाही. 'वेरी' या प्रकारची, काळ्या शिडाची मालवाहू नाव घेऊन तो ब्रॉड्सवर राहिला. १८९५ मधल्या शेवटच्या संग्रहातली त्याची हिवाळी चित्रे जवळजवळ रिकामी आहेत: धुके, बर्फ, एखादे झाड. सिद्धांत सोडल्यावरचा हा एमर्सन मला अधिक मोठा वाटतो.

त्याच्या चित्रांत एक उणीवही आहे. कामकरी माणसांबद्दल त्याला खरी आस्था होती, त्यांच्या बोलीची आणि समजुतींची त्याने बारीक नोंद केली. पण चित्रांत ती माणसे बहुधा 'बोरू कापणारा', 'वाम पकडणारा' अशीच राहतात, नावानिशी येत नाहीत.

याच सुमारास जॉन पेन जेनिंग्ज याने ग्रेट ईस्टर्न रेल्वेसाठी ब्रॉड्सची छायाचित्रे काढली आणि ती डब्यांत प्रवाशांसमोर लागली. नीटनेटकी, उजळ, सहलीचे आमंत्रण देणारी ही चित्रे. एमर्सनला ज्या पर्यटकांचा तिटकारा होता त्यांना ब्रॉड्सवर आणण्यात त्यांचा हातभार लागला.

एमा टर्नर : हिकलिंग ब्रॉडवर हाऊसबोटीत राहून पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या या बाईंचे काम या परंपरेत वेगळे उठून दिसते. बिटर्न हा बोरूच्या बनात दडणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी शिकारीमुळे आणि दलदली आटवल्यामुळे ब्रिटनमध्ये वीण करेनासा झाला होता. १९११ मध्ये जिम व्हिन्सेंट या रखवालदारासह टर्नरबाईंना त्याचे पिल्लू सापडले आणि त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले. बिटर्न परतल्याचा तो पुरावा ठरला. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, गुडघाभर चिखल आणि तासन्‌तास निश्चल बसणे असे ते काम होते. पुढे क्लाय गावाजवळची दलदल १९२६ मध्ये पक्ष्यांसाठी विकत घेतली गेली आणि तिच्या देखभालीसाठी स्थापन झालेला न्यास ब्रिटनमधल्या परगणावार वन्यजीव न्यासांत पहिला ठरला.

ऑलिव्ह ईडिस : शेरिंगम या कोळी गावात १९०५ मध्ये बहीण कॅथरीनसह स्टुडिओ थाटणारी ऑलिव्ह ईडिस (१८७६–१९५५) ही माझ्या मते नॉर्फोकची सर्वांत मोठी व्यक्तिचित्रकार. काचेच्या छतातून येणाऱ्या नैसर्गिक उजेडावर तिचा भर असे. राजघराण्यातली माणसे, मंत्री, लेखक तिच्यासमोर बसले, आणि त्याच खुर्चीत त्याच उजेडात शेरिंगमचे म्हातारे कोळीही बसले. दोघांना दिलेला मान सारखाच आहे. गावात वेस्ट, ग्राईस, क्रास्क अशी मोजकीच आडनावे असल्याने प्रत्येकाला टोपणनाव असे आणि त्या नावांसकट ही माणसे ओळखता येतात. एमर्सनच्या बाबतीत राहून गेलेले हे काम तिने केले.

या चित्रांतले कोळी अंगाला घट्ट बसणारे गडद निळे लोकरी स्वेटर घालतात. त्यांना 'गान्सी' म्हणतात. बारीक सुयांवर घरच्या बायका ते विणत, आणि प्रत्येक घराण्याचा नमुना वेगळा असल्याचे सांगतात. विणकामाची हौस असलेल्यांनी अशा जुन्या छायाचित्रांतले टाके मोजून हरवलेले नमुने पुन्हा विणले आहेत. छायाचित्राचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो.

बटाट्याच्या पिष्टाचे रंगवलेले कण वापरणाऱ्या ऑटोक्रोम या सुरुवातीच्या रंगीत तंत्रातही ईडिस निष्णात होती. १९१९ मध्ये युद्धोत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधल्या स्त्रियांच्या कामाचे चित्रण करण्यासाठी तिला अधिकृतपणे पाठवण्यात आले. तिच्या कामाचा मोठा संग्रह क्रोमर या किनाऱ्यावरच्या गावातल्या संग्रहालयात आहे.

बंदरे आणि शहर : ग्रेट यारमथ हे हेरिंग माशाचे बंदर. १९१३चा हंगाम कळसाचा होता. शरद ऋतूत स्कॉटलंडहून हेरिंगमागोमाग येणाऱ्या, बोटांना चिंध्या बांधून झपाट्याने मासे साफ करणाऱ्या मुली हा तिथल्या छायाचित्रांचा आवडता विषय होता. बेसुमार मासेमारीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा बसला. मासे धुरावणाऱ्या एका जुन्या कारखान्यातच आता त्याचे संग्रहालय आहे. क्रोमरचे खेकडे मात्र अजून येतात. धक्का नसल्याने लहान नावा ट्रॅक्टरने ओढून वाळूवर आणतात. पिंजरे, दोर, गंजके ट्रॅक्टर आणि मागे १९०१चा लोखंडी पायर (समुद्रात खांबांवर उभारलेला, फिरण्यासाठीचा पूल), असे तिथले दृश्य असते.

नॉरिचमध्ये महापालिकेत नोकरी करणाऱ्या जॉर्ज प्लंकेट (१९१३–२००६) यांनी १९३१ पासून शहराच्या गल्ल्या, खानावळी, दुकाने आणि लाकडी घरे पद्धतशीर टिपायला घेतली. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी दोन रात्री शहरावर बॉम्ब टाकले. प्लंकेट यांच्या अनेक चौकटींतल्या इमारती त्यानंतर उरल्या नाहीत. त्यांच्या चित्रांत नाट्य नाही. सरळ उभे राहून, इमारत पूर्ण येईल अशी घेतलेली ती नोंद आहे, आणि म्हणूनच ती इतिहासकारांच्या इतकी कामाची ठरली.

भरती आणि सील : किनाऱ्याचे छायाचित्र काढणाऱ्याला आधी भरतीचे कोष्टक पाहावे लागते. उत्तर किनाऱ्यावर ओहोटीत समुद्र इतका मागे जातो की होल्कमच्या वाळूवर माणूस ठिपक्याएवढा दिसतो. पाणी परत येते ते समोरूनच येते असे नाही. आधी मागचे ओहळ भरतात आणि वाळूच्या उंचवट्यावर उभा असलेला माणूस अडकतो. वेल्स गावी म्हणूनच भरती चढू लागली की भोंगा वाजवतात. तिथल्या खांबांवर उभ्या रंगीत झोपड्या आणि आसपासची खाजणे हे नेहमीचे विषय. स्नेटिशमला उधाणाच्या भरतीने चिखलाचा किनारा बुडाला की हजारो पाणपक्षी एकदम उठून आतल्या तळ्यांवर येतात. भांगाच्या दिवसांत गेलात तर हे दिसत नाही.

हन्स्टंटन पूर्व किनाऱ्यावर असूनही पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य तिथे समुद्रात मावळतो. खाली तपकिरी वाळूचा दगड, मध्ये लाल खडू, वर पांढरा खडू असे तिथल्या कड्याचे पट्टे मावळतीच्या उजेडात पेटल्यासारखे दिसतात.

ब्लेकनी पॉइंट आणि हॉर्सी इथे हिवाळ्यात करडे सील पिल्ले घालतात. ब्लेकनीत २००१ मध्ये २५ पिल्ले मोजली गेली होती, आता दर हिवाळ्यात काही हजार होतात. माणूस जवळ गेला तर आई पिल्लू सोडून पाण्यात जाते आणि कधीकधी परतत नाही. लांब पल्ल्याची लेन्स नसेल तर चित्र न काढता परतावे, याबाबत तडजोड नाही.

धूप आणि तिची नोंद : नकाशात वाचताना 'हॅपिसबर्ग' वाटणाऱ्या गावाला स्थानिक लोक 'हेझ्बरो' म्हणतात. तिथला १७९०चा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ परगण्यातल्या सर्वाधिक छायाचित्रित वास्तूंपैकी एक. त्याच्या समोरचा कडा वाळू-मातीचा आहे आणि तो झपाट्याने खचतो. ३१ जानेवारी १९५३च्या रात्रीच्या वादळी भरतीत इंग्लंडमध्ये ३०७ माणसे गेली, त्यांतली सुमारे शंभर नॉर्फोकची. त्यानंतर इथे लाकडी बांध घातले गेले. १९९०च्या दशकात ते मोडू लागले आणि समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरची घरे एकामागून एक गेली. ५ डिसेंबर २०१३च्या वादळी भरतीत जवळच्या हेम्स्बी गावातही वाळूच्या टेकडीवरची घरे खाली आली.

या भागात एकाच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेल्या छायाचित्रांना मोठे मोल आहे. अडचण अशी की उभे राहायची जागाच समुद्रात जाते. म्हणून दीपस्तंभ किंवा चर्चचा मनोरा चौकटीत ठेवतात. त्यांच्या मानाने कड्याची धार कुठवर आली हे जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून कळते. हवाई छायाचित्रांत तर तुटक्या बांधामागे किनाऱ्याला पडलेली खोबण स्पष्ट दिसते.

मे २०१३ मध्ये याच किनाऱ्यावर लाटांनी वाळू वाहून नेल्यावर खालच्या जुन्या गाळात खळगे उघडे पडले. तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा ते माणसांच्या पावलांचे ठसे निघाले. साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेबाहेर तोवर सापडलेल्यांत सर्वांत जुने. मोठ्या माणसांबरोबर मुलेही चालत गेली होती. ठसे ओल्या, मऊ गाळात असल्याने उचलून नेणे शक्य नव्हते. पाऊस चालू होता, भरती परत येत होती. खळग्यांत साचणारे पाणी उपसत, अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन त्यांच्यावरून संगणकात त्रिमिती प्रतिकृती तयार केली गेली, आणि टाच, तळवा आणि काही ठिकाणी बोटेसुद्धा तिच्यात ओळखता आली. दोन आठवड्यांत समुद्राने ते ठसे पुसून टाकले. फेब्रुवारी २०१४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा दाखवायला छायाचित्रे आणि त्यांच्यावरून केलेल्या प्रतिकृतीच होत्या.