स्टेपी की टॉनी? हिवाळ्यातल्या तपकिरी गरुडांचा गुंता

ऑक्टोबर उलटला की उत्तर आणि पश्चिम भारतातल्या माळरानांवर, शेतांच्या बांधांवर आणि मेलेली जनावरं टाकतात त्या जागांवर मोठाले तपकिरी गरुड दिसायला लागतात. फोटो निघतो, पक्षिनिरीक्षकांच्या गटात पडतो आणि वाद सुरू होतो. एकजण म्हणतो स्टेपी ईगल, दुसरा म्हणतो टॉनी ईगल, तिसरा ‘बहुतेक स्टेपी’ म्हणून दोन्ही बाजू सांभाळतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जाणकार पक्षितज्ज्ञही बराच काळ या दोघांना एकाच जातीची दोन रूपं समजत होते. त्या वर्गीकरणात स्टेपी ईगल ही टॉनी ईगलची उपजात होती. दोन्ही वेगळ्या जाती आहेत हे मत सर्वसाधारणपणे रुजलं ते १९९०च्या दशकात.

आज शास्त्रीय नावं अशी: स्टेपी म्हणजे ॲक्विला निपालेन्सिस, टॉनी म्हणजे ॲक्विला रॅपॅक्स. स्टेपीचं वर्णन ब्रायन हॉजसनने १८३३ साली नेपाळमधल्या पक्ष्यावरून केलं, म्हणून नावात नेपाळ आलं. वास्तविक हा गरुड नेपाळचा रहिवासी नाही. त्याची वीण होते दक्षिण रशिया, कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनच्या गवताळ पट्ट्यात. टॉनी मात्र इथलाच, बारमाही. आफ्रिकेतही तो मोठ्या प्रदेशात आढळतो, पण भारतीय उपखंडात राहणारी त्याची उपजात वेगळी आहे, विंधियाना.

सुरुवात रंगापासून करू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ‘टॉनी’ म्हणजे पिंगट, असं समजून पिंगट दिसला की टॉनी आणि गडद दिसला की स्टेपी, असा सोपा हिशेब केला जातो. तो चालत नाही. टॉनीत जवळजवळ मळकट पांढऱ्यापासून तांबूस आणि थेट गडद तपकिरीपर्यंत सगळ्या छटा सापडतात. स्टेपीचं पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू फिकट मातकट असतं आणि प्रौढ झाल्यावर गडद होतं. त्यात ऊन लागून पिसं विटतात, नवी-जुनी पिसं एकाच अंगावर असतात, आणि दुपारच्या उन्हात कॅमेरा सगळ्यालाच सोनेरी करून टाकतो. रंगाचा एकच निकाल बऱ्यापैकी विश्वासाने देता येतो: गरुड अंगाने अगदी फिकट, पांढुरका किंवा तांबूस-पिवळा असेल आणि उड्डाणपिसं (पंखाच्या मागच्या कडेची लांब पिसं) मात्र काळपट असतील, तर तो टॉनी असण्याची शक्यता दांडगी. बाकी वेळी रंग बाजूला ठेवा.

बसलेल्या पक्ष्यात नजर आधी तोंडाच्या कोपऱ्यावर न्यायची. चोचीच्या मुळापासून गालावर मागे जाणारी पिवळी मांसल कड असते. स्टेपीत ती जाड, ठळक आणि लांब असते, पार डोळ्याच्या मागच्या कडेखालपर्यंत पोचते. टॉनीत ती डोळ्याच्या मध्याखाली किंवा त्याच्या किंचित अलीकडेच थांबते. डोळ्याच्या मागच्या कडेवरून मनातल्या मनात एक उभी रेघ खाली ओढायची आणि पिवळी कड तिला शिवते का बघायचं. शिवली तर स्टेपी. या एका खुणेमुळे स्टेपीचा चेहरा जरा रुंद तोंडाचा, काहीसा नाराज दिसतो. एकदा ओळखीचा झाला की लांबूनही पटतो.

पण ही खूण तपासताना दोन अटी पाळायला हव्यात. पक्ष्याचं डोकं पूर्ण आडवं, म्हणजे आपल्याला काटकोनात हवं. तो जरा जरी आपल्याकडे किंवा पलीकडे वळला असेल तर कडेची लांबी फसवी दिसते. दुसरं, चोच मिटलेली हवी. उन्हात धापा टाकणाऱ्या गरुडाचं तोंड उघडं असतं, कोपरा ताणला जातो आणि चांगला टॉनीही स्टेपी वाटायला लागतो. गटात होणारे निम्मे वाद अशाच तिरप्या, उघड्या तोंडाच्या फोटोंवरून होतात असं माझं मत आहे. एका फोटोवर भांडण्यापेक्षा लागोपाठ आठ-दहा फोटो काढून त्यातला आडव्या डोक्याचा निवडलेला बरा.

डोळ्याचा रंग ही खूण पुस्तकांत असते, ती मी दुय्यम धरतो. प्रौढ टॉनीचा डोळा फिकट, पिवळसर-तपकिरी. स्टेपीचा गडद तपकिरी. म्हणजे स्पष्ट फिकट डोळा दिसला तर स्टेपी बाद करता येतो. उलटं मात्र करता येत नाही, कारण टॉनीच्या पिल्लाचा डोळाही गडदच असतो. ‘डोळा काळपट, म्हणून स्टेपी’ हा निष्कर्ष अर्धा कच्चा आहे.

पायांकडे बघून या दोघांत निवड करता येत नाही. दोघांच्याही पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, ढगळ पायजमा घातल्यासारखी. उपयोग एवढाच, की अशी पिसं दिसली तर समोरचा पक्षी घार नाही हे पक्कं होतं. हिवाळ्यात घारींचेही थवे जमतात आणि लांबवर बसलेली घार मोठ्या गरुडासारखी भासते, तेव्हा हा उपयोगही कमी नाही.

आता उडणारा पक्षी. इथे स्टेपी स्वतःहून ओळख देतो, निदान वयाने लहान असेल तर. पंख पसरून डोक्यावरून गेला की पंखाच्या खालच्या बाजूला, मधोमध, पंखाच्या लांबीने जाणारा रुंद पांढरा पट्टा दिसतो. पुढची आच्छादक पिसं (उड्डाणपिसांची मुळं झाकणारी लहान पिसं) तपकिरी, मागची उड्डाणपिसं गडद, आणि दोन्हींच्या मध्ये हा पांढरा पट्टा. मोठ्या आच्छादक पिसांच्या पांढऱ्या रंगाने तो तयार होतो. शिवाय पंखाची मागची कड आणि शेपटीचं टोकही पांढरं. इतका स्वच्छ पट्टा टॉनीत नसतो. काही टॉनींत त्या भागात पिसं जरा फिकट असतात, पण ती पुसट, धुरकट असतात. काठ धरून आखलेला पट्टा होत नाही.

गंमत पुढे आहे. दरवर्षी पिसं झडतात, नवी येतात, आणि नव्या आच्छादक पिसांत पांढरा कमी कमी होत जातो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या स्टेपीत हा पट्टा तुटक होतो, एका जागी ठळक तर दुसऱ्या जागी गायब. प्रौढ होईपर्यंत तो पूर्ण जातो. म्हणजे पट्टा असेल तर स्टेपी नक्की, पण नसेल तर टॉनी असं नाही. तुटका पट्टा बघून ‘मधलाच काहीतरी प्रकार’ समजणाऱ्यांनी तो पिसं बदलणारा किशोरवयीन स्टेपी आहे का, हे आधी तपासावं. पंखावर एकाच वेळी जुनी विटलेली आणि नवी गडद पिसं दिसली तर उत्तर तिथेच मिळतं.

प्रौढ स्टेपीसाठी उड्डाणपिसं नीट बघायची. राखाडी पिसांवर गडद आडव्या पट्ट्या असतात आणि मागच्या कडेला एक रुंद काळपट किनार. हेच शेपटीतही. टॉनीच्या पिसांवरच्या पट्ट्या फिक्या, बारीक, कधी कधी दिसतच नाहीत, आणि गडद किनारही तितकी उठून येत नाही. मानेच्या मागे पिवळसर-तांबूस डाग असलेला गडद गरुड बहुधा प्रौढ स्टेपी असतो. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला दिसणाऱ्या पांढऱ्या अर्धचंद्रावर मात्र जाऊ नका. तो लहान स्टेपीत झळाळतो खरा, पण तरुण टॉनीतही ती जागा फिकट असते.

आकाराबद्दल थोडक्यात. स्टेपी मोठा, वजन साधारण २ ते ५ किलो. टॉनी दीड ते ३ किलोच्या आसपास. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामुळे टॉनीची मादी आणि स्टेपीचा नर जवळपास एकाच मापाचे निघतात. दोघे शेजारी बसले नसतील तर आकारावर विसंबू नये.

पिसांइतकंच काम वागणुकीतून होतं, आणि हिवाळा त्यासाठी सोयीचा आहे. टॉनीची वीण इथेच आणि नेमकी याच काळात होते. काटेरी झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं मोठं, पसरट घरटं असतं. डिसेंबरात किंवा जानेवारीत गरुड चोचीत किंवा पंजात काटक्या घेऊन जाताना, किंवा जोडी एकाच झाडाच्या टोकाला पुन्हा पुन्हा येताना दिसली, तर बाकी खुणा न बघताही टॉनी म्हणावं. स्टेपी भारतात घरटं करत नाही. तो वीण करतो तिकडच्या गवताळ प्रदेशात, बहुतेकदा थेट जमिनीवर किंवा छोट्या टेकाडावर.

जमिनीची ही सवय तो इथेही सोडत नाही. नांगरलेल्या शेतात, उघड्या माळावर स्टेपी तासन्‌तास बसून राहतात, आणि एकाजवळ एक असे अनेक. राजस्थानात बिकानेरजवळच्या जोरबीडला मृत जनावरं टाकण्याची मोठी जागा आहे. तिथे हिवाळ्यात गिधाडांच्या सोबतीने शेकडो स्टेपी उतरतात. टॉनी अशा ठिकाणी येतो, पण एकटा किंवा जोडीने. त्याचा दुसरा धंदा म्हणजे इतर शिकारी पक्ष्यांच्या मागे लागून त्यांचं भक्ष्य हिसकावणं. स्टेपीही लुबाडतो, त्यामुळे ही पक्की खूण नव्हे. पण झाडावर एकटा बसलेला असेल तर टॉनीचा विचार आधी, आणि जमिनीवर घोळका असेल तर स्टेपीचा.

तारीखही बघावी. स्टेपी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्चपर्यंत बहुतेक परततात. शरद ऋतूत ते हिमालयाच्या कडेकडेने पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. नेपाळमध्ये पोखराजवळच्या थूलाखर्का इथून दर मोसमात हजारोंनी मोजले जातात. त्यांचे रस्ते किती लांब जातात याचा एक किस्सा २०१९ साली गाजला होता. रशियातल्या संशोधकांनी मोबाईल नेटवर्कवरून एसएमएसने ठिकाण कळवणारी यंत्रं स्टेपींना बसवली होती. मिन नावाचा एक गरुड कझाकस्तानात नेटवर्कबाहेर राहिला आणि थेट इराणात पोचल्यावर साठलेले सगळे संदेश एकदम पाठवू लागला, एकेक ४९ रुबलला. बिलाने प्रकल्पाचे पैसे संपले, लोकांनी वर्गणी काढली आणि शेवटी मोबाईल कंपनीने थकबाकी माफ केली. मुद्दा असा की उन्हाळ्यात स्टेपी दूर उत्तरेला परतलेले असतात, म्हणून मे-जूनमध्ये मोठा तपकिरी गरुड दिसला तर आधी टॉनीच धरून चाला.

दोघांपैकी कुणीच नसलेला तिसरा गडीही मध्ये येतो. पाणथळीजवळ गडद, आखूड शेपटीचा गरुड असेल तर ग्रेटर स्पॉटेड ईगल तपासा. त्याची नाकपुडी गोल असते, स्टेपी-टॉनीची लांबट. मान फिकट सोनेरी आणि खांद्यावर पांढरे डाग असलेला जाडजूड गरुड इम्पीरियल असू शकतो. त्यांच्या तपशिलात इथे शिरत नाही.

नोंदीत जात बरोबर असावी असा आग्रह का, तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत स्टेपी २०१५पासून धोक्यात आलेल्या जातींत आहे आणि टॉनी २०१८पासून असुरक्षित जातींत. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध भारतात २००६ साली बंद झालं, कारण मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात जाऊन गिधाडं मरत होती. पण राजस्थानात मेलेल्या स्टेपींच्या शरीरातही ते सापडल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. मेलेली जनावरं खाणाऱ्या स्टेपीला हा धोका गिधाडांसारखाच आहे.

एवढं करूनही काही पक्षी अडतातच: लांबवरचा, पाठमोरा, पिसं झडलेला. तेव्हा नोंदीत ‘ॲक्विला, जात अनिश्चित’ असंच लिहावं आणि सोबत तोंड मिटलेला बाजूचा फोटो, पंख पसरलेला खालचा फोटो, तारीख आणि तो जमिनीवर होता की झाडावर, एवढं जोडावं. जाणकार त्यावरून पुढे बघून घेतात.